वर बेचाळीस बिऱ्हाडं, खाली आठ गाळे

प्रश्न : आमची गिरगावातली उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. वर 42 खोल्या, खाली रस्त्याला लागून आठ गाळे : किराणा, पूजासाहित्य, फरसाण, पिठाची गिरणी, खाणावळ, शिंपी, स्टेशनरी आणि एक गेली दोन वर्षं कुलूपबंद. शिवाय जिन्याखाली इस्त्रीवाला. भाडेकरू समितीचा चिटणीस मी आहे. वरच्या लोकांत तीन तट आहेत. काहींना गाळे मागच्या बाजूला किंवा पहिल्या मजल्यावर गेलेले चालतील, तरुण मंडळींना खाली बँक किंवा कॅफे हवं आहे, आणि म्हातारी माणसं म्हणतात, गिरणी आणि वाणी गेले तर आम्ही जायचं कुठे? दुकानदार सहीच करत नाहीत. बिल्डर म्हणतो, 51 टक्के झाले की पुरे, त्यांना कशाला विचारता? आम्ही काय करावं?
— एक भाडेकरू, ठाकूरद्वार

उत्तर : बिल्डर आकड्यापुरता खरं बोलतोय. विकास नियंत्रण नियमावली 2034 च्या 33(7) खाली उपकरप्राप्त इमारतीला किमान 51 टक्के भाडेकरूंची संमती लागते, आणि ती खोल्या व गाळे एकत्र धरून मोजतात. तुमचे एकूण 50, म्हणजे 26 सह्या. एकाही दुकानदाराने सही केली नाही तरी कागद पुरा होतो. उरलेल्यांना बाहेर काढायला म्हाडा कायद्याचं कलम 95-अ आहे.

तरी तसं करू नका. वरची माणसं सामान बांधून विरार-डोंबिवलीला राहायला गेली आणि खाली दोन गाळेवाले कोर्टातून स्थगिती घेऊन बसले, की इमारत पडत नाही. मात्र बाहेर गेलेल्यांचं भाडं बिल्डरच्या डोक्यावर दर महिन्याला चढतच असतं. बांधकाम सुरू नाही म्हणून विक्री नाही, विक्री नाही म्हणून पैसा नाही, आणि मग सर्वांत आधी थांबतं ते तुमचं भाडं. दुकानदाराची सही वरच्या बेचाळीस बिऱ्हाडांसाठी गरजेची आहे, ती या हिशेबामुळे.

आता दुकानदार सही का करत नाहीत ते पाहू. वर सगळे म्हणत असतील की अडवून पैसे उकळायचे आहेत. एखाद्याचा तसा इरादा असेलही. पण मूळ नियमच असा आहे की खोलीवाल्याला आणि गाळेवाल्याला वेगळं माप लागतं. खोली 120 चौरस फुटांची असो की 180, नव्या इमारतीत किमान 300 चौरस फूट (27.88 चौरस मीटर) चटई क्षेत्र फुकट मिळतं. गाळ्याला असं किमान काही नाही. जुना 110 चौरस फुटांचा असेल तर नवाही 110 चौरस फुटांचाच. म्हणजे ज्या सभेत तुम्ही पेढे वाटता, तिथे वाण्याला नेमकं काही मिळालेलं नसतं. उलट तीन-चार वर्षं धंदा उठणार असतो. ही गोष्ट पुढच्या सभेत तुम्ही स्वतः, चिटणीस म्हणून, मोठ्याने सांगा. अर्धी कटुता तिथे कमी होईल.

बोलणी करायला जागा आहे. 35 टक्क्यांपर्यंतचा जो फंजिबल एफएसआय (ठरलेल्या मर्यादेवरचं जादा बांधकाम) असतो, त्याला पुनर्वसनाच्या भागावर प्रीमियम भरावा लागत नाही. खोल्यांना त्यातून वाढीव क्षेत्र द्यायचं कबूल केलं असेल, तर गाळ्यांनाही त्याच टक्केवारीने मागा. ही मागणी दुकानदारांनी एकेकट्याने केली तर बिल्डर प्रत्येकाशी वेगळा सौदा करतो. समितीच्या पत्रावर गेली तर एकच उत्तर द्यावं लागतं.

पण चौरस फुटांपेक्षा मोठं दुखणं दुसरीकडे आहे, आणि ते तुमच्या पत्रात कुणीच बोललेलं दिसत नाही : दर्शनी रुंदी. नऊ फूट रुंद आणि बारा फूट खोल गाळा 108 चौरस फूट भरतो. साडेचार फूट रुंद आणि चोवीस फूट खोल गाळाही 108 चौरस फूटच. कागदावर दोन्ही सारखे, पण दुसऱ्यात फरसाणवाल्याची काचेची मांडणी आणि गिऱ्हाईक एका वेळी उभं राहू शकत नाही.

आणि हे सहज घडतं. समजा तुमच्या इमारतीची रस्त्याकडची बाजू 84 फूट आहे. आज त्यात एक दरवाजा आणि आठ शटर बसतात. नव्या आराखड्यात त्याच 84 फुटांतून गाड्यांचं आणि अग्निशमन बंबाचं प्रवेशद्वार निघतं, सुमारे 20 फूट. रहिवाशांची लॉबी 11 फूट. वीज उपकेंद्र आणि मीटरची खोली रस्त्यालगत हवी असते, तिचे 15. उरले 38. कार पार्किंगच्या आखणीनुसार येणारे खांब त्यात आणखी चार फूट खातात. राहिले 34 फूट, आणि गाळे आठ. बाजूची मोकळी जागा धरली तर आणखी कमी. मग आर्किटेक्ट दोन-तीन गाळे पुढे ठेवतो आणि बाकीचे मागच्या बोळात किंवा पहिल्या मजल्यावर ढकलतो. कुणाच्या मनात वाईट असतं असं नाही. गणितच तसं पडतं, आणि ते पडतं कारण तळमजल्याचा नकाशा सर्वांत शेवटी पाहिला जातो.

म्हणून क्रम उलटा करा. 33(7) ची संमती अपरिवर्तनीय असते, दिली की मागे घेता येत नाही. तेव्हा संमतीपत्राला तळमजल्याचा मापांसह नकाशा जोडलेला नसेल तर दुकानदारांनी सही न करणं हे शहाणपणाचंच आहे, आणि तुम्हीही तो नकाशा मागायला हवा. त्यावर प्रत्येक गाळ्याला क्रमांक, नाव आणि पाच मापं हवीत : शटरची मोकळी रुंदी, गाळा आत किती खोल, तुळईखालची उंची, पदपथापासून जमिनीची उंची, आणि आत खांब येत असेल तर त्याची जागा. उंची का, ते सांगतो. जुन्या चाळींतल्या बहुतेक गाळ्यांना पोटमाळा आहे आणि निम्मा माल तिथेच असतो. चटई क्षेत्राच्या मोजणीत हा माळा सहसा धरत नाहीत. नव्या गाळ्यात खाली आठ फूट आणि वर माणूस वाकून वावरेल एवढे साडेपाच फूट ठेवायचे तर तुळईखाली चौदा फुटांच्या आसपास मोकळी उंची लागते. नकाशात नुसती मजल्याची उंची लिहिली असेल तर त्यातून दीड-दोन फुटांची तुळई वजा होते आणि माळा बसत नाही. वाण्याचा धंदा त्यातच मोडतो.

पदपथापासूनची उंची लोक विसरतात. नव्या इमारतीचं जोतं उंच घेतात. दोन फूट जोतं म्हणजे सहा इंची चार पायऱ्या, आणि तुमच्या पत्रातली म्हातारी माणसं त्या चार पायऱ्या चढून पाव किलो रवा आणायला जाणार नाहीत. गाळ्यांची जमीन पदपथापासून सहा ते नऊ इंचांवर ठेवायला सांगा आणि पावसाळ्याच्या पाण्यासाठी शटरच्या दोन्ही बाजूंना फळी सरकवायची खाच करून घ्या.

दर्शनी भाग वाढवायचे मार्ग आहेत. तुमच्या इमारतीला बाजूला गल्ली असेल तर लॉबी गल्लीतून घ्या. रहिवाशाला दहा पावलं जास्त पडतील, पण रस्त्यावर 11 फूट सुटतील. वीज उपकेंद्र वळणावर, बाजूच्या तोंडाला बसतं का हे वीज कंपनीकडे आधीच विचारायला लावा. आणि सर्वांत मोठा मार्ग शेजारच्या इमारतीशी हात मिळवण्याचा. 33(7) मध्ये एकट्या भूखंडाला पुनर्वसन क्षेत्राच्या 50 टक्के प्रोत्साहनपर एफएसआय मिळतो, दोन ते पाच भूखंड एकत्र आले तर 60 आणि सहा किंवा त्याहून जास्त असतील तर 70. बिल्डर या टक्क्यांसाठी एकत्रीकरण करतो. तुमचा फायदा वेगळा आहे : दोन इमारतींना मिळून प्रवेशद्वार एकच लागतं, उपकेंद्र एकच, बंबाची वाट एकच. म्हणजे दुसऱ्या इमारतीची जवळजवळ पूर्ण दर्शनी बाजू दुकानांना मिळते. भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर समूह पुनर्विकास आहे, तिथे दुकानांसाठी रस्ते नव्याने आखायला जागा तरी आहे. गिरगावातल्या अरुंद एकट्या भूखंडावर ती चैन नाही.

एवढं करूनही आठच्या आठ पुढे बसले नाहीत, तर कुणाला हलवायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवू नका. धंदा पाहा. किराणा, फरसाण, पूजासाहित्य, स्टेशनरी ही जाता-येता दिसलं तर चालणारी दुकानं आहेत. ती रस्त्यावरच हवीत. ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो 3 चं गिरगाव स्थानक सुरू झाल्यापासून कोणत्या पदपथावरून किती माणूस चालतो हेही बदललंय, तेव्हा सकाळी नऊ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ, तीन दिवस दारात उभं राहून माणसं मोजा. कोपऱ्याकडचा गाळा कुणाचा, यावर वाद झाला तर हे आकडे उपयोगी पडतात. शिंप्याकडे गिऱ्हाईक ठरवून येतं. तो स्वखुशीने पहिल्या मजल्यावर जाईल, पण रुंदीच्या बदल्यात त्याला दीडपट क्षेत्र, जिन्याशी दार आणि खाली पाटीची जागा देऊन. स्वखुशीने हा शब्द महत्त्वाचा. त्याच्यावर लादलंत तर तुम्ही पुन्हा कोर्टाच्या दारात.

गिरणी आणि खाणावळ यांचा विचार वेगळा करावा लागतो. वरच्या लोकांची त्यांच्याविरुद्धची तक्रार खरी असते, पण ती दुकानाविरुद्ध नसून हादरे, पीठ, धूर आणि उंदीर यांच्याविरुद्ध असते. साडेसात-दहा अश्वशक्तीच्या मोटरवर चालणारी चक्की थेट फरशीवर बसवली तर हादरा खांबातून तिसऱ्या मजल्याच्या भांड्यांपर्यंत जातो. तिला खांब-भिंतींपासून सुटा काँक्रीटचा चौथरा, खाली जाड रबरी गाद्या, पीठ धरणारी कापडी पिशवी आणि थ्री-फेज मंजूर भार लागतो. हे सगळं पाया घालताना स्वस्तात होतं, नंतर होत नाही. वेळ लिहून घ्या, सकाळी आठ ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ. खाणावळीला गच्चीपर्यंत जाणारा धुराड्याचा मार्ग हवा. तो आराखड्यात नसेल तर पुढे कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून न्यावा लागेल आणि ते घर कधीच परवानगी देणार नाही. सांडपाण्याच्या वाटेवर तेल अडवणारी टाकी आणि गॅस सिलिंडरांसाठी बाहेरच्या बाजूला जाळीची कोठडी, हेही नकाशातच दाखवायला लावा.

आता रहिवाशांची मतं कशी घ्यायची ते सांगतो. सर्वसाधारण सभेत हात वर करून घेऊ नका. तिथे मोठ्या आवाजाचे चार जण बोलतात आणि सासूबाई घरीच असतात. दहा दिवस ठेवा, समितीतले दोघे-दोघे, त्यांत एक बाई, घरोघर जाऊ देत. दुकानं हवीत की नकोत, असं विचारू नका. कुणीही हो म्हणेल. विचारा : गेल्या आठवड्यात खालच्या कोणत्या दुकानात किती वेळा गेलात? उधारी किंवा घरपोच सामान कोण देतं? घरात एकटं राहणारं, जिना न चढता येणारं कोणी आहे का? दुकानांचा नेमका त्रास कोणता, कोणत्या वेळी? उत्तरं कागदावर घरातल्या बाईच्या सहीने घ्या. बहुधा दिसेल असं की गाळे मागे ढकला म्हणणाऱ्यांच्या त्रासाच्या रकान्यात तीनच गोष्टी आहेत : जिन्यात ठेवलेली खोकी, दारातला टेम्पो आणि दुकानातल्या पोरांनी वापरलेला सामाईक संडास. तिघांनाही नकाशात उत्तर आहे. गाळ्यांसाठी वेगळा संडास, कचऱ्याची वेगळी जागा, आणि माल उतरवण्याची ठरलेली वेळ, सकाळी दहाच्या आत.

बँक-कॅफेवाल्या तरुणांना एक सांगा. पुनर्वसनाचा गाळा दुकानदाराच्या मालकीचा होणार. तो कुणाला विकायचा किंवा भाड्याने द्यायचा हे सोसायटी ठरवणार नाही. बिल्डरच्या विक्रीच्या गाळ्यांवर मात्र तुमचा हात चालतो, पण फक्त विकास करारापर्यंत. तिथे परमिट रूम नको, रात्री अकरानंतर स्वयंपाक नको, एसीची बाहेरची यंत्रं रहिवाशांच्या खिडकीखाली नकोत, अशी ओळ आत्ताच टाकून घ्या.

आता तुमच्या म्हाताऱ्यांची भीती. ती अनाठायी नाही. पुनर्विकास झालेल्या इमारतींत जुनी दुकानं टिकत नाहीत, आणि त्याला कारण बहुधा बिल्डर नसतो. पागडीच्या काळात काहीशे रुपये भाडं देणाऱ्या वाण्याला मालक झाल्यावर देखभाल खर्च आणि मालमत्ता कर येतो, तो दर महिन्याला काही हजारांत जातो. मधली तीन-चार वर्षं तो लांब कुठे तरी होता, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं, मुलगा नोकरीला लागला. परत आला तेव्हा मोबाइलवाला दारात चेक घेऊन उभा. त्यामुळे वाणी टिकवायचा असेल तर तीन गोष्टी करारात हव्यात. पर्यायी जागेचं भाडं खोल्यांच्या दराने न देता त्याच रस्त्यावरच्या गाळ्यांच्या चालू दराने, आणि जागा चालत पाच-सात मिनिटांच्या आत. भाडं वर्षाचं आगाऊ, दरवर्षी ठरलेल्या वाढीसह, आणि त्यामागे बँक गॅरंटी. नुसते पुढच्या तारखांचे चेक पुरेसे नाहीत, ते वटले नाहीत तर तुम्ही खटलाच लढत बसाल. तिसरी गोष्ट गाळ्यांसाठी वेगळा कॉर्पस (ठेव निधी), ज्याच्या व्याजातून पहिली काही वर्षं देखभाल भागेल. आणि एक जवळजवळ फुकटातली मागणी : बांधकामाच्या पत्र्यावर बिल्डरच्या जाहिरातीइतक्याच ठळकपणे आठही दुकानांचे तात्पुरते पत्ते रंगवायचे, काम संपेपर्यंत.

देखभालीचा वाटा आत्ताच लिहा. गाळेवाला लिफ्ट वापरत नाही, पण पाणी आणि कचरा वापरतो. कशाचे किती, हे ताबा घेतल्यावर ठरवायला गेलात की पहिलीच वार्षिक सभा मोडते.

कागदपत्रांकडे वळू, कारण तुमचा बंद गाळा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 16(1)(न) प्रमाणे सबळ कारण नसताना सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालकाला खाली करून घेण्याचा दावा करता येतो. त्या दुकानदाराला गाठा आणि काहीही करून शटर उघडायला लावा. रोज चार तास बसला तरी चालेल, वीजबिल हलत राहू दे. मालक भाडं घ्यायला टाळाटाळ करत असेल तर मनीऑर्डरने पाठवा आणि परत आलेली पावती जपा. दुकान वडिलांच्या नावावर आणि वडील गेलेले असतील, तर त्याच कायद्याच्या कलम 7(15) प्रमाणे त्यांच्यासोबत तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क पहिला. भावाभावांत आधी ठरवून घ्या, कारण म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने पात्र भाडेकरूंची यादी प्रमाणित केल्यावर नाव बदलणं म्हणजे महिनोन्महिने खेटे. 13 जून 1996 नंतर केलेले नवे भाडेकरार पात्र धरत नाहीत. त्यामुळे एखाद्याने 2005 साली गाळ्यात भिंत घालून अर्धा दुसऱ्याला दिला असेल, तर यादीत गाळा एकच, आणि त्या दोघांनी आपसांत काय ते लिहून घ्यावं. जुनी भाडेपावती, वीजबिल आणि जुना गुमास्ता (दुकान नोंदणीचा) परवाना ही त्रिकूट फाइल प्रत्येकाची तयार करा. 2017 च्या कायद्यानंतर थोडे कामगार असलेल्या लहान दुकानाला फक्त सूचना द्यावी लागते, परवाना नाही. म्हणून जुने परवाने रद्दीत गेलेले असतात. शोधायला लावा.

मध्येच इमारत धोकादायक ठरवून महापालिकेची कलम 354 ची नोटीस आली तर दुकानदार घाबरतात की पाडली म्हणजे हक्क संपला. संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये, सांगलीच्या एका प्रकरणात, इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क बुडत नाही असं सांगितलं आहे. मात्र पाडण्यापूर्वी आपल्या जागेचं मोजमाप नोंदवून प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय चावी देऊ नये.

राहिला इस्त्रीवाला. त्याच्याकडे पावती नसेल तर तो पात्र नाही, त्याला कायद्यातून काही मिळणार नाही. पण सोसायटीच्या कार्यालयाला लागून सहा बाय पाच फुटांची, हवेशीर, प्लगपॉइंट असलेली जागा सोसायटीच्या मालकीची म्हणून नकाशात दाखवता येते आणि त्याला नाममात्र भाड्याने देता येते. बिल्डर तीस चौरस फुटांसाठी अडून बसणार नाही, आत्ता मागितलीत तर.

येत्या रविवारी आर्किटेक्टला बोलावण्याआधी समितीतले दोघे आणि त्या-त्या गाळ्याचा दुकानदार मिळून आठही गाळे टेपने मोजा. प्लास्टरच्या आतून आतपर्यंत, पोटमाळा वेगळा, ओटा वेगळा, आणि शटरची रुंदी इंचापर्यंत. प्रत्येक कागदावर दुकानदाराची आणि दोन रहिवाशांची सही घ्या, मोबाइलवर फोटो काढा. एक प्रत दुकानदाराकडे, एक तुमच्या कपाटात. आर्किटेक्टचं माप वेगळं आलं तर फरक कुठे आहे ते त्याच दिवशी टेप लावून बघता येतं. इमारत पडल्यावर लावायला भिंतच नसते.